उजव्या कडेची पॅनेलं

“हे सगळं गेलं कुठे?” अनुराधा मॅडमनी पर्सी अंकलच्या स्क्रीनवर बोट टेकवलं. “डावीकडची फोल्डरची पट्टी नाही, वरचा टूलबार नाही. काहीतरी सगळं उजव्या कडेला कोंबलंय. शुभ्रा, पॅनेलं जागेवर आण. निम्मे भाड्याचे कॉम्प्युटर परत जातायत, रविवारपासून एकावर दोघं बसणार, सगळ्यांचं सारखं दिसायला हवं. यल्ला, लवकर.”

२००९चा फेब्रुवारी होता. दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या आमच्या बांधकाम कंपनीतल्या निम्म्या खुर्च्या मंदीमुळे रिकाम्या झाल्या होत्या. आमच्या मजल्यावरचं कोण राहणार आणि कोण जाणार, हे मॅडमच ठरवत. मी फिजिक्सची पदवी घेऊन नुकतीच आयटी सपोर्टला लागले होते. वसईचे पर्सी अंकल डॉक्युमेंट कंट्रोलर. साइटच्या प्रत्येक ड्रॉइंगची नोंद करायची, शिक्का मारायचा आणि ते योग्य माणसाकडे पाठवायचं, हे त्यांचं काम. त्यांचं नाव फार कोणी घेत नसे, कारण त्यांच्याकडचं ड्रॉइंग कधी हरवत नसे.

मॅडम गेल्यावर ते हळूच म्हणाले, “बाय, राहू दे ना तसंच. सवय झालीय मला.”

“दोन मिनिटांचं काम आहे, अंकल.”

मी रीसेट केलं. फोल्डर डावीकडे गेले, टूलबार वर पसरला. आता सगळं नीट दिसत होतं. निदान मला तरी.

अंकलनी फाइल उघडायला घेतली. माउसचा बाण उजवीकडेच भिरभिरत राहिला.

“फोल्डर कुठे गेले?”

“हे काय, डावीकडे.”

त्यांनी मान पार डाव्या खांद्यापर्यंत वळवली, तेव्हा कुठे ते सापडले. मान सरळ केली आणि पुन्हा हरवले.

नजरेची कक्षा कशी तपासतात ते कॉलेजात प्रकाशाच्या प्रयोगांत शिकले होते. मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले. “अंकल, माझ्या नाकाकडे बघत राहा. पेन दिसलं की सांगा.”

त्यांच्या डाव्या कानापासून मी पेन सावकाश पुढे आणलं. पेन अगदी मधोमध आलं तेव्हा ते म्हणाले, “आलं.” एक डोळा झाकायला सांगितला, मग दुसरा. दोन्ही वेळा तेच, डावी बाजू गायब. म्हणजे बिघाड डोळ्यात नव्हता. डोळ्यांच्या मागे, मेंदूत होता.

“कधीपासून?”

“नोव्हेंबर. सकाळी उठलो तर सुझी दिसेचना. डावीकडे झोपते ना ती.” ते हसले. “म्हटलं, गेली पळून बायको! डॉक्टर म्हणाला, छोटा स्ट्रोक येऊन गेला.”

“आणि इथे कोणाला सांगितलं नाहीत?”

“कसं सांगू? सोफियाची बारावीची परीक्षा मार्चमध्ये. माझा जॉब गेला की तिघांचा व्हिसा खलास. ऐन परीक्षेत पोरीला शाळेतून काढून गावी नेऊ?”

“पण कामात चूक झाली तर?”

“ड्रॉइंगचा नंबर, रिव्हिजन, सही, सगळं कुठे असतं? खाली, उजव्या कोपऱ्यात. देवानं तेवढी बाजू ठेवलीय. स्क्रीनवरचं मग मीच एकेक ओढून इकडे आणलं.”

मी माउस हातात घेतला. फोल्डरची पट्टी धरली आणि उजवीकडे ओढली. मग टूलबार. ते सांगत गेले, मी लावत गेले.

“झालं का?” मॅडम परत आल्या होत्या. “हे काय, अजून तसंच?”

“मॅडम, दोघांना दोन लॉगिन करून देते. अंकलना त्यांचा स्क्रीन, दुसऱ्याला नेहमीचा.”

“त्यांना वेगळा कशाला? काय पर्सी, रात्रीची उतरली नाही का अजून? सकाळी दारावर पण आपटलात.”

“वय झालं, मॅडम.”

मॅडम त्यांच्या खुर्चीमागून फिरून डाव्या बाजूला आल्या आणि वाकून स्क्रीन पाहू लागल्या. एवढ्यात दुसरंच कोणीतरी बाहेर गेलं आणि काचेचं दार मिटलं. अंकलचे खांदे सैल झाले.

“गेल्या?” त्यांनी मला विचारलं. “बाय, त्यांना कळलं नाही ना, मला ह्या बाजूचं दिसत नाही ते?”

मॅडम त्यांच्या खांद्यापासून हातभर अंतरावर उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग अंकलकडे.

मॅडमनी डाव्या हातातल्या बांगड्या उजव्या हाताने घट्ट धरल्या, वाजू नयेत म्हणून. मग कार्पेटवरून एकेक पाऊल मागे टाकत त्या दारापर्यंत गेल्या आणि आवाज न करता बाहेर पडल्या.

अंकल अजून माझ्या उत्तराची वाट पाहत होते.

“गेल्या,” मी म्हणाले.