शिंप्याची धोंडशीर

मित्रांनो, मी एक जुनी धोंडशीर आहे. टाचेच्या मागे बोटं लावून पाहा. जाड दोरीसारखी लागते ना, तीच. फक्त मी आता टाचेत नाही, आणि माझा पहिला मालक आता कुठेच नाही.

तो शिंपी होता. तीस वर्षं त्याने शिलाई मशीनचं पायडल हलवलं. शिवण संपली की पाय थबकायचा आणि तो दोरा दाताने तोडायचा. कौतुक व्हायचं ते त्याच्या बोटांचं. माझं नाव कुणी काढलं नाही. तो गेला, मुलीने दानाच्या कागदावर सही केली आणि मी फ्रीजरमध्ये गेले.

मला मागणी आली ती दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका बाईकडून. तिच्या गुडघ्यातला बंध तुटला, तेव्हा त्याच्या जागी आधी तिच्याच मांडीमागची शीर बसवली होती. तिसऱ्या महिन्यात बरं वाटलं म्हणून बाईसाहेब शिडीवर चढल्या, आणि ती तुटली.

डॉक्टरीणबाईंनी दुकानदारासारखा माल मांडला. "तुमच्याच गुडघ्याच्या वाटीखालची पट्टी काढली, तर ती हाडाच्या तुकड्यांसकट बसते, लवकर धरते. पण गुडघे टेकताना दुखू शकतं."

"अहो, खालच्या ओळी मी गुडघे टेकूनच रंगवते."

"दुसऱ्या मांडीची घेतली, तर चांगला पायही थोडा कमजोर होईल. राहिली दात्याची. तुमचं काही कापायला नको, पण ती परकी. रुळायला वर्ष घेते. तिसऱ्या महिन्यात तुम्हाला ठणठणीत वाटेल, आणि तेव्हाच ती सगळ्यात कच्ची असेल. पुन्हा तुटली तर शिडी विसरा."

"कुणाची असेल हो ती?"

"ते आम्हालाही सांगत नाहीत."

"ही वर्षभर घरात बसली," नवरा म्हणाला, "तर पुढचा पेशंट मीच!"

हाडात भोकं पाडून मला ओढून घेतलं, स्क्रूने आवळलं. मी निर्जीवच होते. काळोखात तिचं रक्त हळूहळू माझ्यात चढू लागलं.

एकदा जेवताना तिचा पाय टेबलाखाली हलू लागला. टाच, चवडा. टाच, चवडा.

"मशीन चालवतेस की काय?" नवऱ्याने विचारलं.

"मी? मला सुईत दोरा ओवता येत नाही!" ती हसली. मग खाली पाहिलं, आणि हसू विरलं. पाय चालूच होता.

तिसऱ्या महिन्यात औषधाच्या दुकानाची पाटी आली. नवरा कामावर गेल्यावर तिने भर सकाळी शिडी लावली. पहिली पायरी. दुसरी. माझा धागा न् धागा ताणला गेला. आणि पाय सुरू झाला. टाच, चवडा. शिडी खडखडू लागली. तिने मांडी दाबून धरली, तरी थांबेना. शिवण पुरी झाल्यासारखा तो आपणहून थबकला.

ती उतरली. जमिनीवर बसून गुडघ्यावर हात ठेवला.

"बरं बाबा," ती हळूच म्हणाली. "नाही चढत."

ती वर्षभर थांबली. आता रोज शिडीवर असते. शाबासकी डॉक्टरीणबाईंना मिळाली. गुडघ्याला तेवढं विसरले सगळे. मित्रांनो, दुखणं थांबलं म्हणजे आतलं काम संपलं, असं समजू नका. आत कुणीतरी अजून तुमचं होत असतं. त्याला वेळ द्या.

पाय आता हलत नाही. शिंप्याचा चेहरा मला आठवत नाही. मी पुरती तिची झाले, म्हणतात. परवा तिने नवऱ्याच्या शर्टाला बटण लावलं. टाके एकसारखे. शेवटी दोरा दाताने तोडला, आणि तो तोंडात तसाच धरून ती कितीतरी वेळ बसून राहिली.