पंप हवा ओढतोय

बॅग दारात भरून तयार होती आणि सूनबाई पंपाच्या खोलीत उकिडवी बसली होती. झालं! नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात ते काही उगाच नाही. धाकट्या बहिणीचं उद्या सकाळी सिझेरियन. तिचा नवरा बोटीवर नोकरीला, आई राहिली नाही, सासू तर कधी नव्हतीच. दुपारची बस चुकली की पुढची थेट उद्या संध्याकाळी. आणि नेमका आजच तलावाचा पंप घुरघुरायला लागला.

पोहण्याचा तलाव सासऱ्यांचा, आणि घर त्याला चिकटूनच. सासऱ्यांना सगळे मास्तर म्हणायचे, घरातलेसुद्धा. पोरांना पोहायला शिकवून शिकवून त्यांना ओरडून बोलायची सवय लागली होती, ती पाण्याबाहेरही सुटत नव्हती. सूनबाईचे वडील मोटारी दुरुस्त करायचे, म्हणून लग्नानंतर तिने एकदा हौसेने हा पंप चालू करून दाखवला आणि तिथेच फसली. "सूनबाईच्या हाताला यश आहे हो!" म्हणत सगळ्यांनी तो तिच्या गळ्यात बांधला तो बांधलाच. कौतुकाचा दोर फार चिवट असतो, बाई. शिव्या देऊन बांधलं तर माणूस तोडून तरी पळेल. ही उलट मान ताठ करायची. माहेरून बोलावणं आलं की हिचं उत्तर ठरलेलं, "मी आले तर पंप कोण बघणार?"

गेल्या वर्षी आई आजारी पडली तेव्हाही बॅग अशीच दारात होती. तेव्हाही पंप अडला. झाकणाचा स्क्रू सैल निघाला, पण तो सापडेपर्यंत बस गेली. दुसऱ्या दिवशी ही पोचली तोवर आईची वाचा गेली होती. थरथरीने स्क्रू सैल झाला असेल, असं तिने मनाला समजावलं होतं.

"सूनबाई! तिसऱ्या प्रहरची पोरं येतील! पाणी गढूळ दिसलं तर माझं नाक कापलं जाईल!" मास्तर वरून गरजले.

"बघतेय!" ती ओरडली, आणि मनात म्हणाली, नाक तुमचं आणि मान माझी.

नवऱ्याला ऑफिसात फोन लावला तर तो म्हणाला, "तेवढं बघून निघ ना. नाहीतर मास्तर घर डोक्यावर घेतील." मोठा उपकार केला! तिने फोन आपटला.

तिने पंपातली कचरा अडवणारी जाळीची टोपली काढून बघितली. पानं नाहीत, केस नाहीत, स्वच्छ. तलावाची पातळी बरोबर. झाकणाची रबरी रिंग पुसली, ग्रीस लावलं, बादलीभर पाणी ओतून झाकण घट्ट केलं. बटण दाबलं. काचेच्या झाकणाखाली पाणी चढलं आणि बुडबुडे सोडत परत खाली बसलं. पंप कुठून तरी हवा ओढत होता. खोलीला खिडकी नव्हती. त्या घुरघुरीत आपलं सगळं आयुष्य असंच उकिडवं जाणार, असं तिला वाटलं आणि रडू फुटलं.

तेवढ्यात सासूबाई चहा घेऊन आल्या. कप नेहमीसारखा डाव्या हातात. त्या हातावरून मास्तर आयुष्यभर टोमणे मारत आले होते, तरी तो बिचारा पुढे यायचाच.

"मिळालं का गं काही?" त्यांनी विचारलं.

"नाही. आई, मास्तरांचा दाढीचा फेस आणा."

फेस आला. तिने तो पंपाच्या एकेका सांध्यावर थापला आणि बटण दाबलं. नळीवरचा फेस हलला नाही. झाकणावरचाही नाही. टोपलीच्या भांड्याखाली पाणी काढायचं बूच होतं, तिथला फेस मात्र सुर्रकन आत गेला. काखेत कळसा अन् गावाला वळसा! तिने पंप बंद करून पान्याने बूच काढलं. आट्यांवर गळती रोखणारी पांढरी टेप होती, नवी कोरी, पण उलटी गुंडाळलेली. अशी टेप बूच फिरवताना घट्ट बसायच्या ऐवजी गोळा होऊन सुटते. ती स्वतः कायम सुलटी गुंडाळायची. डाव्या हाताने गुंडाळली की ती अशी उलटी जाते.

तिने वर बघितलं. सासूबाईंनी हात पदराखाली लपवला होता.

"काल टेप काढून टाकली," त्या म्हणाल्या. "रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी तुझ्यासारखी परत लावायला गेले. नाही जमली."

"आणि माझ्या आईच्या वेळी?"

सासूबाईंनी मान खाली घातली. तेवढ्यानेच कळलं. सूनबाईला वाटलं, हा पाना उचलावा आणि सगळं फोडून टाकावं. पंप, काच, ही बाईसुद्धा.

"का?"

"तू गेलीस की घरात मी आणि ते. अख्ख्या दिवसात मला 'अगं' म्हणणारं कोणी नसतं. नुसतं ओरडणं."

सूनबाईने टेपचं रीळ सासूबाईंच्या हातात कोंबलं. "गुंडाळा. तुम्हीच. घड्याळाचा काटा फिरतो तशी."

त्यांनी गुंडाळली. बूच बसवलं, पान्याने आवळलं, पाणी ओतलं, बटण दाबलं. पाणी चढलं ते चढलंच. एक बुडबुडा नाही.

"जमलं गं!" सासूबाई लहान पोरीसारख्या म्हणाल्या.

सूनबाईने हात पुसले, जिना चढून बॅग उचलली. मागे पावलं ऐकू आली.

"मला नेतेस?"

नाही म्हणायचं तिच्या अगदी ओठांवर होतं. आईची न बोललेली जीभ आठवत होती. पण तोंडातून निघालं, "चला. आहात तशाच चला. बस सुटेल."

सासूबाई फाटकापर्यंत आल्या. एक पाय बाहेर पडला.

"सूनबाईऽ! पंप चालू झाला का? कोणी केला?" मास्तरांचा आवाज आला.

"मी केला!" सासूबाई ओरडल्या. इतक्या मोठ्याने त्या या घरात कधी बोलल्या नव्हत्या.

मास्तर म्हणाले, "वा! म्हणजे तुझ्याही हाताला यश आहे की!"

सासूबाईंचा चेहरा उजळला. बाहेर पडलेला पाय त्यांनी हळूच आत घेतला.

"तू जा, बाळा," त्या म्हणाल्या. "मी आले तर पंप कोण बघणार?"