रिकामी काच

एकेक रेणू चमकताना दाखवणारा सूक्ष्मदर्शक विकत घ्यायचा तर किंमत कोटीच्या घरात जाते. मंजुषा मॅडमनी सातपूरच्या एका वर्कशॉपमधून पेटी बनवून घेतली, तीत सुटा लेसर आणि कॅमेरा बसवला आणि यंत्र कॉलेजच्या अडगळीच्या खोलीत उभं केलं. आमच्या पोरींनी का म्हणून नुसती पुस्तकातली चित्रं बघायची, हा त्यांचा सवाल. सगळे हसले, तशा मॅडम हट्टाला पेटल्या.

कित्येक महिने पडद्यावर नुसता अंधार. दसऱ्यानंतर मात्र ठिपके दिसू लागले, लुकलुकून विझणारे. डीएनएला एकेक प्रथिन चिकटतंय आणि सुटतंय! त्यांची विद्यार्थिनी हर्षाली नाचायचीच बाकी होती. तिनं पाठवलेली त्या ठिपक्यांची चित्रफीत बघून एका मोठ्या संस्थेनं तिला पीएच.डी.च्या मुलाखतीला बोलावलं. गावी, पेठला, तिचं लग्न ठरल्यात जमा होतं. ही जागा मिळाली तरच ते टळणार होतं.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "प्रथिन न घालता रिकामी काच लावून बघू. विचारलं तर उत्तर हवं."

रिकाम्या काचेवरही ठिपके तसेच लुकलुकले. दुसरी काच लावली, तरी तेच.

हर्षालीची नजर काचांच्या डब्याकडे गेली. "मॅडम, हळद..."

निळ्या लेसरखाली हळद चमकते, हे दोघींना पाठ होतं. पण सातपूरच्या कारखान्यांत हळदकुंकू लावल्याशिवाय दसऱ्याला यंत्र राहत नाही, म्हणून मॅडमनीही हौसेनं पेटीवर हळदीची बोटं ओढली होती आणि त्याच हातानं काचांचा डबा उघडला होता. विज्ञान शिकवणाऱ्या बाईची अक्कल तेव्हा कुठे गहाण पडली होती, देव जाणे!

"मुलाखत उरकू द्या," हर्षाली हळूच म्हणाली. "मग सांगू. कोणाला नाय कळणार."

मॅडमना मोह झाला, चांगलाच झाला. पण त्यांनी संस्थेला कळवलं: चित्रफीत खोटी ठरली आहे, चूक सर्वस्वी माझी. संध्याकाळी उत्तर आलं. मुलाखत रद्द.

"चूक माझीच म्हणून लिहिलं होतं गं मी."

हर्षालीनं पिशवी खांद्याला अडकवली.

"तुमची नोकरी हाय, मॅडम. तुम्हाला खरं बोलणं परवडतं."

ती पेठची बस गाठायला निघून गेली. मॅडमनी रिकामी काच काढली आणि पेटीवरची हळद पुसायला घेतली.