चालणारा दर्यामणी

मुलांनो, जरा डोळे मिटा. तुम्ही वरवट बकाल गावच्या चावडीसमोर गर्दीत उभे आहात. पुढे पितळी ताट, ताटात चिंचोक्याहून थोडा मोठा पांढरा खडा. एक मुलगी त्यावर लिंबू पिळते. खड्याभोवती बारीक बुडबुडे उठतात आणि खडा चालू लागतो. पाय नाहीत, दोरा नाही, तरी सरकत सरकत काठाशी जातो. तुम्ही काय कराल?

गावानं हात जोडले.

"हा दर्यामणी," सागरनाथ बुवा डोळे गरगर फिरवत म्हणाला. "सात समुंदराच्या तळाशी नागकन्येनं राखलेला. कमरेले बांधा, किडनीतला सारा क्षार ओढून पितो. सुई नको, नळी नको, डाक्टर तर बिलकुल नको. पाप्याच्या हातानं हलत नाही बरं. या निर्मळ पोरीच्या हातानं चालला, पाहा."

ती पोर म्हणजे सातवीतली अनुपमा. बुवानं तिला एक मणी बक्षीसही दिला.

हा सगळा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी खारट, किडनीचे रोगी गल्लोगल्ली. अनुपमाचे शेजारी कडूबा, वांगी-मिरची पिकवणारे, त्यांतलेच. आठवड्यातून दोनदा खामगावला जाऊन यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यायचे.

"आपल्या अनुपमाच्या हातानं चालला म्हणजे खोटा नसन," ते बायकोला, पुष्पाबाईंना म्हणाले. बुवाकडून मणी विकत घेऊन कमरेला बांधला आणि खामगावला जाणं बंद केलं.

गल्लीतल्या बाया अनुपमाला 'देवीची पोर' म्हणू लागल्या. तिला ते फार आवडलं.

रविवारी आईनं तिला हंडा घासायला बसवलं. आत क्षाराची पांढरी खपली चढली होती. तिनं नेहमीप्रमाणे लिंबाची फोड घासली. फेस आला, एक खपली सुटली आणि ओल्या तळावरून सरकली. अनुपमाचा हात थांबला. तेच बुडबुडे, तीच चाल.

तिला समजलं. आणि ती गप्प बसली. कडूबांच्या पायांवर सूज चढत होती. त्यांच्या दारावरून जाताना ती मान खाली घालायची.

बुधवारी मात्र राहवेना. तिनं शाळेत आपला मणी जयमाला मॅडमसमोर ठेवला आणि हंड्यातल्या खपलीचंही सांगितलं. मॅडम डहाणूकडच्या, समुद्राकाठी वाढलेल्या.

"हा तर घोळ माशाच्या डोक्यातला खडा," त्या लगेच म्हणाल्या. "तुझ्या उंचीचा होतो तो मासा. ऐकायला आणि तोल सांभाळायला त्याला हे खडे लागतात. तुझ्या हंड्यातल्या खपलीसारखेच चुन्याचे. त्यावर आंबट पडलं की वायू सुटतो, बुडबुडे खड्याला किंचित उचलतात आणि गुळगुळीत ताटात तो घसरतो. पाप्यानं लिंबू पिळलं तरी घसरेल."

त्यांनी खडा फोडला आणि भिंग दिलं. आत झाडाच्या खोडासारखी वर्तुळं होती, वर्षाला एक.

"इतकी वर्षं जगला हा?"

"हो. अंडी घालायच्या दिवसांत हे मासे किनाऱ्याजवळ जमतात. पोटातली हवेची पिशवी ढोलकीसारखी घुमवून एकमेकांना बोलावतात. तोच आवाज ऐकून लोक जाळं टाकतात, कारण त्या पिशवीला परदेशात मोठा भाव आहे. अख्खा घोळका अंडी घालण्याआधीच संपतो. आता खड्यांनाही गिऱ्हाईक मिळालं."

"गिऱ्हाईक म्या आणून देल्लं, मॅडम."

"तुला फसवलं होतं. आता मात्र तुला ठाऊक आहे."

बुवा तोवर नांदुऱ्याच्या बाजारात नवं ताट मांडून बसला होता. मुलांनो, अनुपमानं पाहिलेलं खोटं नव्हतं. खडा खरोखर चालला होता. खोटं होतं ते बुवानं सांगितलेलं कारण. म्हणून कारण तपासावं, दुसऱ्याच्या हातानं, दुसऱ्या वस्तूवर करून पाहावं. आणि आजारी माणसाला दवाखान्यातच न्यावं.

अनुपमा खपल्या आणि लिंबू घेऊन कडूबांकडे गेली. त्यांच्याच ताटात, पुष्पाबाईंच्या हातून लिंबू पिळवून घेतलं. खपली चालली.

"माह्या हातात काई नव्हतं, काका. लिंबात होतं."

कडूबांनी ताट जवळ ओढून खपलीला बोट लावून पाहिलं. "तुले कवा समजलं, पोरी?"

'आज' म्हणणं सोपं होतं.

"रविवारी."

"अन् आज सांगून राह्यली?" पुष्पाबाईंनी तोंड फिरवलं.

"हाव, काकू. सारे मले देवीची पोर म्हणत होते."

कडूबा कमरेची दोरी सोडू लागले. सुजलेल्या बोटांना गाठ सुटेना. अनुपमानं ती सोडून दिली, त्यांची दवाखान्याची पिशवी खांद्याला लावली आणि खामगावची गाडी थांबवायला फाट्याकडे धावत निघाली.