घरच्या उंचीचं शीड

आमच्या घरात सव्वापाच फुटांच्या वर कोणी गेलेलं नाही. बाबांनी बोट बांधून घेतली तेव्हा शिडाच्या तळाची आडवी काठी, म्हणजे बूम, याच मापाने बसवली. वारा फिरला की ती आमच्या डोक्यांवरून सुळकन निघून जायची आणि पाहुण्यांच्या कपाळाला टेंगूळ आणायची. "बोटीलाही घरचं-परकं कळतं," असं म्हणून बाबा खो-खो हसायचे.

बाबांच्या मागे शिडं शिवायचं काम माझ्याकडे आलं आणि बोट दोघांकडे, माझ्याकडे आणि दादाकडे. दोघांकडे हे म्हणायला. दादा ती चालवायचा, मी ठिगळं लावायचे. ज्या शिडाची शिवण न् शिवण मला पाठ, ते वाऱ्याने भरलेलं मी कायम धक्क्यावरून बघितलं. दीपस्तंभाच्या पलीकडे बाबांनी मला नेलं नाही; आधी लहान म्हणून, मग काम पडलंय म्हणून. दादाने तर कारण द्यायचीही तसदी घेतली नाही.

त्या सोमवारी तो सकाळीच दुकानात आला. खांद्यावर शिडाची गुंडाळी.

"टाचणी, एक काम आहे." बुटकी आणि टोचणारी, म्हणून हे नाव त्यानेच ठेवलेलं. "डॉक्टर म्हणतात ऊन टाळा. सुकाणूपाशी बसायच्या जागेवर छत घालतोय. बूम वर घ्यावी लागेल. शीड तळाकडून कापून दे."

या शिडाचा तळ मी सतराव्या वर्षी शिवला होता, माझं पहिलं मोठं काम. एका कोपऱ्यात टाके वाकडे गेले होते, ते बाबांनी मला उसवू दिले नव्हते.

"किती कापू?"

"दीड फूट."

"दीड फूट? अरे, आपल्याला वीतभर पुरे. छताखाली माळा काढणार आहेस का?"

तो हसला, पण माझ्याकडे न बघता. "ऐसपैस असू दे गं. आणि काम झालं की पहिली फेरी तुझी. दीपस्तंभाच्या पलीकडे. आपण दोघंच."

झालं. एवढ्यावर मी विरघळले. पन्नाशीची बाई मी, गिऱ्हाइकाने एका इंचाची थाप मारली तरी पकडते. आणि सख्ख्या भावाची दीड फुटाची थाप मला दिसली नाही.

टेबल भिंतीला सरकवून मी शीड जमिनीवर पसरलं. तळाची कड सरळ नसते, तिला हलका बाक असतो. तो चुकला तर वारा शिडात बसत नाही. दोन दिवस मी गुडघ्यांवर रांगत पेन्सिलीने नुसता तो बाक आखत होते. मग कात्री लावली. कापलेली पट्टी वाकड्या टाक्यांसकट गुंडाळून खणात ठेवली. नवी कड दुमडली, पितळी कड्या ठोकल्या. जाड कोपऱ्यांत सुई रेटता रेटता तळहाताला बांधलेलं चामडं भोकाभोकाचं झालं. पण अंगात हुरूप असा की थकवा वाटेना.

तिसऱ्या दिवशी वहिनी डोकावली. म्हणाली, "एवढा जीव ओतून कशाला करतेस? साधं करून टाक."

"माझ्या बोटीचं मी साधं करू?"

ती चहा अर्धा टाकून उठली. मला वाटलं, चहात साखर विसरले असेन.

शुक्रवारी शीड तयार झालं. "मी घेऊन जाईन," असं दादा बजावून गेला होता. पण शीड चढवून बघितल्याशिवाय माझं काम संपत नाही, हे त्याला ठाऊक असायला हवं होतं. मी गुंडाळी ढकलगाडीवर टाकली आणि धक्क्यावर गेले.

बोटीवर नळ्यांचा सांगाडा उभा होता, वर पांढरं कापड ताणलेलं. त्याखाली एक चष्मेवाला माणूस सुकाणू धरून उभा होता. ताठ. सहा फुटांच्या चांगला वर. आणि तरीही त्याच्या डोक्यावर चार बोटं जागा उरली होती.

"या ताई!" तो म्हणाला. "शीड आणलंत? छत अगदी मापात बसलंय. तुमच्या भावाने मला इथेच उभं करून उंची घेतली होती."

माझे हात सवयीने चालत राहिले. त्याने मदत केली, शीड चढलं. बाक नेमका आला होता. इतकं देखणं काम माझ्या हातून क्वचितच झालं असेल, आणि मला रडू फुटत होतं.

तेवढ्यात दादा धावत आला, काखेत कागदांची फाइल. "तू कशाला आलीस? मी नेणार होतो ना!"

"विकलीस?"

"अगं, सांगणारच होतो..."

"बोट दोघांची आहे. माझ्या सहीचं काय?"

त्याने फाइल दुसऱ्या काखेत घेतली. उंच माणूस गोंधळून म्हणाला, "ती आज होणार होती ना? भाऊ म्हणाले, ताईंची ना नाही. माझ्यासाठी शीड स्वतःच्या हाताने कापतायत, आणखी काय हवं?"

म्हणजे माझी कात्री हीच माझी संमती! बोट गेल्याचं दुःख मी गिळलं असतं. त्याने माझ्याच हातांना फितवलं, याने मी आतून फाटले.

तरी एकदा विचारलं. "वारा चांगला आहे. आत्ता चल. दीपस्तंभाच्या पलीकडे नेऊन आण, मग सही देते."

दादाने घड्याळ बघितलं. "आज कसं जमेल? कचेरीत लोक सहीसाठी खोळंबलेत. हे नेतील की तुला कधीतरी."

मी शीड उतरवायला लागले. ज्या आकड्याने ते वर अडकवलं होतं, तिथे माझा हात पोचेना. सगळंच आता दीड फूट वर गेलेलं.

"जरा तेवढं सोडवून देता?" मी उंच माणसाला म्हटलं.

त्याने एकदा दादाकडे बघितलं, चष्मा सारखा केला आणि हात वर करून आकडा सोडवला. शीड माझ्या अंगावर आलं.

"टाचणी, हे काय चाललंय?" दादा ओरडला.

मी गुंडाळी गाडीवर घातली. "सही मिळणार नाही," मी म्हटलं. "आणि टाचणी म्हणू नकोस. ते घरातलं नाव आहे."