मास्तरांच्या पायजम्याची दुमड

"कोणाला पटायचं नाही ताई, पण काल मी चौकापर्यंत जाऊन आलो!" मास्तरांनी दारातच ठोकून दिलं.

व्यायाम करून घ्यायला येणारी ताई चपला काढता काढता थांबली. "एकटे, काका?"

"एकटा कसला? वॉकर होता की सोबत. येताना दमला बिचारा. मग त्यालाच उचलून आणला."

आत स्वयंपाकघरात भांडं जरा जोरातच आपटलं. मास्तरीणबाईंनी उभा जन्म या थापांवर काढला होता. पण हल्ली त्यांना हसू येत नसे.

मध्यंतरी स्टुलावर चढून वरच्या फळीवरचा कापडाचा तागा ओढायला गेले आणि मास्तर ताग्यासकट खाली आले. तागा शाबूत राहिला, उजव्या खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी आत सळई घालून ते बसवलं आणि घरी धाडलं. मागे उरला तो पाय आणि ही ताई.

व्यायाम म्हणजे तरी काय? पडल्या पडल्या टाच ओढत आणा, मांडी आवळून धरा, खुर्चीवरून उठा, परत बसा. अरे, उठवायचंच होतं तर बसवलं कशाला? वर "शाब्बास काका!" असं बालवाडीतल्यासारखं कौतुक. पायावर भार दिला की खुब्यातून गुडघ्यापर्यंत अशी कळ जायची, की मास्तरांना सगळ्या मेलेल्या नातेवाइकांची नावं आठवायची. व्यायामाच्या अर्धा तास आधी डॉक्टरांनी दिलेली गोळी घ्या, दुखणं दबलं की पाय चालतो, असं ताई सांगून थकली. मास्तर गोळी उशीखाली सरकवत. गोळीवर चालणारा पाय आपला कसला, तो औषधवाल्याचा! मग गोळी नाही म्हणून दुखायचं, दुखतं म्हणून व्यायाम नाही, व्यायाम नाही म्हणून पायाचा ओंडका, आणि ओंडका हलवला की पुन्हा दुखायचं. हे चाक बरं फिरत होतं. थांबलं होतं ते फक्त खिडकीशी असलेल्या शिलाई मशिनचं.

तीच तर खरी ठसठस होती. मुलाने मशिनला लावायची मोटर आणून खाटेखाली ठेवली होती. ताईने आज पायडल मारायला परवानगी दिली तर ठीक, नाहीतर रविवारी मोटर बसणार. "बटण दाबायचं बाबा, झालं!" म्हणे झालं. मोटरवर कोणीही शिवतं. कॉलरच्या टोकाशी पायाने मशिनचा श्वास अडवायचा आणि वळणावर सोडायचा, ते ज्याला येतं त्याला लोक मास्तर म्हणतात. पायडल गेलं की उरला तो एक म्हातारा.

आणि ताईची परीक्षा कसली, तर दोन्ही पायांवर सारखा भार देऊन सरळ उभं राहायचं. ती वाकून पायजम्याकडे बघायची आणि दरवेळी तेच म्हणायची, "काका, उजवी बाजू वर गेलीय. टाच टेकतच नाही तुमची." सगळ्या गल्लीच्या पायजम्यांच्या दुमडी ज्याने सारख्या केल्या, त्याला ही पोर सांगणार, तुमचा पायजमा वरखाली आहे!

शेवटी मास्तरांनी त्यांना येत होता तोच इलाज केला. काल बायको बाजारात गेली तशी सुई काढली, उजव्या पायाची दुमड उसवली आणि बोटभर खाली सोडून शिवून टाकली. टीप अशी की खुद्द कापडालाही पत्ता लागू नये.

"चला काका, उभे राहा बघू."

मास्तर उभे राहिले. मांडी थरथरली, कपाळावर घाम आला, टाच नेहमीसारखीच हवेत राहिली. पण पायजमा मात्र दोन्हीकडे जमिनीला टेकला.

"अरे वा!" ताई खरंच खूश झाली. "एकदम सारखा! दुखलं नाही ना?"

"दुखतंय कसलं! काल चौकात सायकलवाला म्हणाला, काका, बाजूला व्हा. म्हटलं, तूच हो बाबा, मी घाईत आहे. गेलो त्याच्या पुढे."

ताई हसली. तिने मशिनकडे पाहिलं. मास्तरांचा उजवा पाय नकळत हलला, पायडल सापडल्यासारखा. "मग आता थोडं थोडं पायडल मारायला..."

"थांब गं जरा!" मास्तरीणबाई ओले हात पदराला पुसत दारात उभ्या होत्या. त्यांची नजर पायजम्याच्या टोकावर होती. "अहो, काल हाच पायजमा होता ना अंगात? चौकापर्यंत गेलात, आणि जमिनीवर लोळणाऱ्या दुमडीला धुळीचा कण नाही?"

"मी... जरा उचलून चाललो."

"पायजमा एका हाताने, वॉकर दुसऱ्या हाताने, आणि सायकलवाल्याला काय दातात धरलात? खोटं! साफ खोटं! उद्या त्या पायडलवर पाय घसरून पुन्हा पडलात, तर उचलायचं कोणी? ताई, ती दुमड वर कर आणि टाच बघ. आणि तेवढी उशी उचल. गोळ्या खाली आहेत!"