चादरीचं दुसरं टोक

हॉटेलच्या धुलाईखान्यात मोठ्या चादरीची घडी एकटीला घालता येत नाही. एक टोक माझ्याकडे असायचं, दुसरं सुपरवायझर बाईकडे. परदेशी शिकायला आलेल्या आम्ही विद्यार्थिनी तिला इस्त्री म्हणायचो. जवळ गेलं की चटका. तीही शिकायलाच आली होती, मग शिक्षण सोडून इथेच चिकटली. मराठी बोलायची, पण फक्त टाकून बोलायला.

घडी घालताना एकीला चालत दुसरीपर्यंत जावं लागतं. इस्त्री कधी जागची हलली नाही.

त्या दिवशी कामावर निघताना भावाचा फोन आला. "ताई, बाबा गेले. दवाखान्यातून घरी आणतोय. तुझ्याकडच्या साडेदहाला नेणार. त्याआधी फोन लाव, चेहरा दाखवतो."

कॉलेजच्या दुपारच्या तासांशी जुळणारं हे एकच काम मला मिळालं होतं. मी गेले. फोन नियमाप्रमाणे बाहेरच्या कपाटात ठेवला.

दहाला विचारलं, "मॅडम, पाच मिनिटं घरी फोन करू? माझे वडील गेले आज."

तिने चादर ताणली. "परीक्षा आली की इथे घरटी एक जातो. त्या चष्मेवालीची आजी तर दोनदा गेली."

"मी खरं सांगतेय."

"तीही खरंच सांगत होती. बाराला चादरी न्यायला गाडी येईल. टोक सोडून गेलीस तर उद्यापासून येऊ नकोस. तुझ्यासारख्या छप्पन्न उभ्या आहेत दारात. आणि कोपरे जुळव गं, घरी शिकवलं नाही का कुणी?"

शिकवलं होतं. गच्चीवर, वाळलेल्या चादरी काढताना. बाबा म्हणायचे, "तू नुसतं टोक धरून उभी राहा. मी येतो तुझ्यापर्यंत."

भिंतीवरच्या घड्याळात दहा वीस झाले.

"ये," इस्त्री म्हणाली. हात पुढे, पाय जागच्या जागी.

मी टोक सोडलं. चादर ओल्या फरशीवर पडली.

"अगं ए! परत धुवावी लागेल ती!"

कपाटापाशी पोचेपर्यंत भावाचे सात फोन येऊन गेले होते. आठवा मी उचलला.

"कुठे होतीस? सगळे खोळंबलेत."

बाबांना हनुवटीपर्यंत पांढरी चादर घातली होती, एका बाजूला घसरलेली.

"नीट कर ना ती," मी म्हणाले. त्याने नीट केली. मी पाहत राहिले, तो "आता झाकतो गं" म्हणेपर्यंत.

इस्त्री मागे येऊन उभी होती. तिने फोनच्या पडद्याकडे पाहिलं, बराच वेळ.

"हॉटेलचं ओळखपत्र टेबलावर ठेवून जा," ती म्हणाली.